पेट्रोलवाले मालक

घाटनांदूरच्या कॉलेजात नोकरी लागली तेव्हा मी खोली बघायला गेलो, आणि मालकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो गावाचा नव्हता, आडनावाचा नव्हता, लग्न झालंय का हाही नव्हता. ओट्यावर आरसा टेकवून ते दाढी करत होते. अर्ध्या तोंडाला फेस तसाच ठेवून म्हणाले,

"सामान किती हाय? वजनानं सांगा."

मी म्हणालो, "एक कपाट, एक पलंग, गादी. बाकी पुस्तकं."

"पुस्तकं लई जड असत्यात," असं म्हणताना त्यांचा चेहरा उजळला. "कुठून आणायचं?"

"लातूरहून."

"मंग खोली तुमची. सामान आपल्या गाडीनं आणू."

भाडं किती, पाणी कधी येतं, हे सगळं मला आतून काकूंनी सांगितलं. मालक तोवर अर्धी दाढी विसरून अंगणात गेले होते आणि गाडीच्या मागच्या हुकाला ग्रीस लावत होते.

ही गाडी म्हणजे लष्कराच्या लिलावात घेतलेला एक जुना ट्रक. फार मोठा नाही, पण नाकाड लांब, चाकं उंच, आणि रंग कधीकाळी हिरवा असावा. मालकांच्या लेखी तिचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य म्हणजे ती पेट्रोलवर चालायची. सगळ्या पंचक्रोशीत ट्रॅक्टर डिझेलचे, उसाच्या गाड्या डिझेलच्या, बोअर पाडायची मशीन डिझेलची. जड ओझं ओढायचं तर डिझेल, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. डिझेलचं इंजिन हळू फिरूनही जोर लावतं, आणि पितंही कमी. मालकांना हे मान्य नव्हतं. खरं सांगायचं तर मान्य होतं, पण ते आवडत नव्हतं.

"डिझेल म्हंजी रेडा," ते म्हणायचे. "ताकद हाय, कबूल. पर रेड्याला थांब म्हणलं तर थांबतो का?"

मालक माळकरी. चहाशिवाय दुसरं व्यसन नाही. म्हणून काकू गाडीला 'पिणारी' म्हणत. "माळकऱ्याच्या दारात ही पिणारी बांधलीय," असं येणाऱ्याजाणाऱ्याला हसत सांगत. पुढे पेट्रोलमध्ये उसापासून केलेलं इथेनॉल मिसळायला लागले, तेव्हा मालकांना कोण आनंद झाला! "बगा, आता पेट्रोलात बी आपला ऊस आला! डिझेलात काय हाय? बाहेरदेशीची माती!" त्यावर काकू शांतपणे म्हणाल्या, "म्हंजी आता खरीखुरी दारूच प्यायला लागली म्हणा की." त्या मिश्रणानं जुन्या गाडीच्या रबरी नळ्या कुजायला लागल्या, त्या गळायच्या आणि मालक त्या बदलत बसायचे, पण उसाबद्दल त्यांनी एक शब्द वाईट काढला नाही.

सकाळी गल्लीला जाग यायची ती या गाडीनं. मालक चहाच्या वेळी ती सुरू करायचे, कुठं जायचं नसलं तरी. मी चहाचा ग्लास घेऊन ओट्यावर आलो की माझ्या हातातून ग्लास काढून ते गाडीच्या नाकाडावर ठेवायचे.

"चहा हालला का?"

"नाही."

"जरा बी?"

"जरासुद्धा नाही, मालक."

"डिझेलवर ठिवला असता तर ग्लास आतापर्यंत नालीत असता." मग ग्लास परत मिळायचा. तोवर चहाचं कोमट पाणी झालेलं असायचं, पण न हललेलं.

मी मराठी शिकवतो, मला इंजिनातलं काही कळत नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात सांगून पाहिलं. "मंग काय झालं?" ते म्हणाले. "इंजिन काय इंग्रजीत बोलतं का?" त्यानंतर दर संध्याकाळच्या वादात मी पंच झालो.

वादातला दुसरा पक्ष म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ. सगळी गल्ली त्याला मामा म्हणायची. मामा ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. त्याचा स्वतःचा ट्रॅक्टर, आणि त्यामागं जोडायच्या दोन ट्रॉल्या. दिवाळी झाली की तो आसपासच्या वस्त्यांवरची माणसं गोळा करून कारखान्यावर न्यायचा. माणूस हसरा, अंगानं आडवा, बोलायला तिखट. बहिणीकडं आला की चप्पल काढायच्या आधी विचारायचा, "दाजी, पिणारी जिती हाय का?"

"तुज्या रेड्यापेक्षा बरी हाय."

"माजा रेडा रोज दोन ट्रॉल्या वडतो. तुमची घोडी काय वडती? सरांची पुस्तकं?"

हे मालकांना झोंबायचं, कारण ते खरं होतं. गाडीला ओढायला काम नव्हतं. बागायती शेती वाट्यानं दिलेली, खाऊनपिऊन सुखी घर. म्हणून मालक कामाच्या शोधात असायचे. कुणाच्या दारात काही जड दिसलं की ते थांबायचे. "वजन किती?" विचारायचे. मळणी यंत्र, मांडवाचे खांब, जळालेली डीपी, पाण्याची टाकी, काहीही. पैसे घ्यायचे नाहीत; उलट पेट्रोल स्वतःचं. तरी लोक त्यांना टाळायचे, कारण ओझं पोचेपर्यंत वाटेत किमान दोनदा थांबून 'बगा कसं वडतीय' हे ऐकावं लागायचं. एका लग्नात नवरीचं लोखंडी कपाट त्यांनी अशा उत्साहानं गाडीमागच्या ट्रेलरवर चढवून नेलं, की वरात एका गावाला आणि कपाट पुढच्या गावाला. पाव्हण्यांचं गाव मागं राहिलं हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. "वडतच व्हती, मी कावून थांबवू?" एवढाच त्यांचा खुलासा.

शेवटी एकदा मामानं आव्हान दिलं. हंगामाचे अखेरचे दिवस होते, ऊन चढलेलं. मामाची उसानं भरलेली एक ट्रॉली ओढ्याच्या अलीकडं उभी होती. पुढं टेकाडाचा चढ.

"वडा, दाजी. टेकाड चढवून दावा, जलमभर तुमच्या पेट्रोलला नाव ठिवणार न्हाई."

बातमी गावात पसरली आणि लोक झाडाखाली येऊन बसले. मालक नवं धोतर नेसून आले. ट्रॉली गाडीच्या हुकाला लावली आणि गाडी सुटली ती अशी, की मामाच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. अर्धं टेकाड तिनं घोड्यासारखं चढलं. आणि मग दोनदा खोकून बंद पडली. उन्हानं इंजिनाच्या पंपातल्या पेट्रोलची वाफ झाली होती. मालकांनी चाकांखाली दगड लावले, खांद्यावरचा गमचा भिजवून पंपावर ठेवला आणि बाजूला उभे राहिले.

"काय झालं दाजी? दमली का?"

"दमली न्हाई," मालक म्हणाले. "इचार करतीय."

ती फार वेळ विचार करत राहिली. शेवटी मामाचा ट्रॅक्टर आला आणि ट्रॉली वर घेऊन गेला, हळू, एका लयीत, बाजूला न बघता. लोक उठून गेले. मालक गाडीपाशीच बसले होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, "सर, चढ सगळेच बगत्यात. उतार कुणी बगतं का?"

मला वाटलं हरलेल्या माणसाचं बोलणं आहे. पण ते खरोखरच समजावून सांगायला लागले. पेट्रोलच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की इंजिन श्वास कोंडून धरतं आणि उतारावर गाडीला मागं खेचतं. डिझेलच्या इंजिनाचं नाक सदा उघडं, ते तेवढं धरत नाही. "वडणं काय, कुणी बी वडंल. मागून ढकलणारं ओझं धरायचं, त्येला अक्कल लागती." मी मान डोलावली. त्या काळात मी बऱ्याच गोष्टींना मान डोलवायचो.

त्याच वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट. सोयाबीनची पोती घेऊन मालक परळीच्या आडतीला निघाले होते. मला तिथून रेल्वे पकडायची होती म्हणून मीही शेजारी बसलो. परळीच्या अलीकडं रस्ता डोंगर उतरतो, वळणं घेत. औष्णिक वीज केंद्राची राख नेणाऱ्या गाड्या समोरून धापा टाकत वर येतात, रस्त्याच्या कडेची झुडपं पांढुरकी झालेली असतात. मालक दुसऱ्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीनं उतरत होते. दुचाकीवाले शिव्या घालत पुढं जात होते. माझी रेल्वे चुकणार हे मला दिसत होतं.

"मालक, जरा जोरात घेता येईल का?"

"उतार हाय, सर," ते म्हणाले. पुढं काही बोलणार तेवढ्यात मागून हॉर्न आला. एकदा नाही; लावून धरलेला, थांबतच नव्हता.

मी खिडकीतून मागं पाहिलं. वळणावरून मामाचा ट्रॅक्टर येत होता. मामा स्वतः चालवत होता. मागं दोन्ही ट्रॉल्या भरलेल्या. टोळी कारखान्यावर निघाली होती: माणसं, बाया, मांडीवरची लेकरं, भांड्यांची गाठोडी, शेळ्या, खुराड्यातल्या कोंबड्या. मामा दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा होता. ट्रॅक्टर थांबत नव्हता. नंतर कळलं की खालचा गिअर टाकायला गेला, आधीचा निसटला आणि दुसरा पडेना. मोकळा ट्रॅक्टर, आणि मागून दोन ट्रॉल्यांचं ओझं.

"दाजी, हटा! बाजूला हटा!" मामा ओरडत होता.

बाजूला हटायला जागा होती. डाव्या हाताला मातीचा पट्टा होता, आमची गाडी त्यावर सहज निघाली असती. मालकांनी आरशात पाहिलं. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती असं मी म्हणणार नाही. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"सर," ते म्हणाले, "पाय म्होरं टेकवा. दात आवळून धरा."

त्यांनी गाडी आधी पळवली. मला वाटलं, आपण सुटतोय. पण ते नुसता ट्रॅक्टरचा वेग गाठत होते. मागून धक्का बसला, पोती एकमेकांवर आदळली, माझं डोकं मागच्या पत्र्याला लागलं. ट्रॅक्टरचं नाक आमच्या पाठीला टेकलं होतं. मालकांनी गिअर खाली ओढला आणि पेट्रोलवरचा पाय उचलला.

तो आवाज मी विसरलो नाही. पितळेचं पातेलं कुणी फाडत असावं असं इंजिन ओरडायला लागलं. मालक ब्रेक दाबत, सोडत, पुन्हा दाबत. रबर जळाल्याचा वास आला. समोरून राखेची गाडी येत होती. तिच्या ड्रायव्हरनं काय चाललंय ते ओळखलं असावं, त्यानं गाडी पार डोंगराला चिकटवून उभी केली. आम्ही तिच्या बाजूनं घासून गेलो. ट्रॉल्यांतल्या बाया देवांची नावं घेत होत्या. मालक पण बोलत होते, पण देवाशी नाही. "धर, बाई. धर. आजच्या दिस धर."

एक वळण गेलं. दुसरं गेलं. चाल कमी होतेय हे मला आधी खरं वाटेना. मग बाजूची बाभळ नीट दिसायला लागली, तिच्या शेंगासुद्धा दिसल्या. खाली रस्ता सपाट झाला आणि तिथंच इंजिनात स्फोट झाल्यासारखा आवाज आला. गाडी झटका देऊन थांबली. तिच्यामागं ट्रॅक्टर थांबला. ट्रॉल्या थांबल्या.

काही वेळ फक्त कोंबड्या ओरडत होत्या.

मग सगळी माणसं एकदम खाली उतरली. ज्यानंत्यानं आपापलं लेकरू धरलं. एक म्हातारी शेळीच्या गळ्यात पडून रडत होती. कुणाचं नाक फुटलं होतं, कुणाचा हात मुरगळला होता. बाकी सगळे धड होते. मामा ट्रॅक्टरवरून उतरला, दोन पावलं चालला. तो रस्त्यावर बसला आणि बसल्या बसल्याच त्यानं मालकांचे पाय धरले.

मालकांनी त्याला उठवलं. पाठीवरून हात फिरवला. आणि मग त्यांच्यानं राहवलं नाही.

"सांग आता, पाव्हणं. डिझेलनं धरलं असतं का?"

मामा रडता रडता म्हणाला, "दाजी, माजा गेर निसटला व्हता वो! त्यात डिझेलचा काय गुन्हा?"

"गेर कुणाचा? डिझेलच्याच गाडीचा ना?"

टोळीतली माणसं आधी बघत राहिली, मग हसायला लागली. हसताना त्यांचे डोळे गळत होते. मीही हसलो. तेवढ्यात मालकांचं लक्ष गाडीखाली गेलं. काळं तेल रस्त्यावर पसरत होतं. त्यांनी नाकाड उघडलं. इंजिनाच्या कुशीला भोक पडलं होतं, आणि त्यातून तुटलेला दांडा बाहेर आला होता. मालकांनी त्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. नंतर नाकाड हळूच बंद केलं, झोपलेल्या माणसाच्या खोलीचं दार लावावं तसं.

परळीच्या मेस्त्रीनं गाडी पाहिली आणि हात जोडले. "काका, ह्येचं आता काय बी मिळत न्हाई. भंगारात बी न्हाई." गाडी दोरानं ओढून घरी आणली. मामाच्याच ट्रॅक्टरनं, पण त्यावर मामानं एक विनोद केला नाही.

सकाळ आता शांत असायची. मी चहाचा ग्लास घेऊन बाहेर आलो तरी कुणी तो हातातून घेत नव्हतं. गरम चहानं माझी जीभ भाजायची. मालक ओट्यावर बसून रस्त्याकडं बघत. दारावरून कुणी मळणी यंत्र ओढत नेलं तरी वजन विचारत नसत. काकूंना ते बघवेना. "निदान भांडा तरी माज्याशी," त्या म्हणायच्या.

एका रविवारी मामाचा ट्रॅक्टर दारात आला. हंगाम अर्धवट सोडून, कारखान्यावरून. ट्रॉलीत ताडपत्रीखाली काहीतरी होतं आणि बरोबर टोळीतली चार माणसं. मामानं ताडपत्री काढली. आत एक इंजिन होतं. जुनंच, पण धुऊनपुसून, तेल लावून चकचकीत केलेलं. डिझेलचं.

"दाजी," मामा खाली मान घालून म्हणाला, "पेट्रोलचं लई हुडकलं. पार नांदेडपतोर जाऊन आलतो. कुठंच न्हाई गावलं. ह्ये तुमच्या गाडीला बसंल, मेस्त्रीला इचारलंय. सगळ्या टोळीनं मिळून घेतलंय."

मालकांनी इंजिनाकडं पाहिलं. मामाकडं पाहिलं. आणि आत निघून गेले.

टोळीची माणसं अवघडून उभी. मामाचा चेहरा पडला. काकूंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्या आत गेल्या. दार उघडंच होतं, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"माज्या भावानं दिवाळीला लुगडं आणलं, तर रंग आवडला न्हाई म्हणून मी परत देते का?"

आतून बाज करकरल्याचा आवाज आला.

"न्हाई देत. नेसते. चारचौघांत नेसते. तुमी बी नेसा."

शेवटी मालक बाहेर आले. ट्रॉलीपाशी गेले, इंजिनावर हात ठेवून उभे राहिले.

"वजन किती?" त्यांनी विचारलं.

मामानं सुटकेचा श्वास टाकला तो गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेला असेल.

इंजिन बसलं. ते सुरू झालं की गाडीचा पत्रा न् पत्रा वाजायचा. मालक म्हणायचे, "इंजिन गावठी हाय, शिकंल हळूहळू. गाडी घरंदाज हाय." पहिल्यांदा गाडी घेऊन परळीला निघालो तेव्हा पुढं मालक, काकू आणि मी, आणि मागं मामा त्याच्या ट्रॅक्टरवर. वाटेतल्या नेहमीच्या पंपावर मालक वळले. सवयीनं गाडी पेट्रोलच्या बाजूला उभी राहिली. पंपावरची बाई त्यांना ओळखत होती.

"काका, लई दिसांनी? किती टाकू पेट्रोल?"

मालक समोरच्या काचेतून बघत राहिले. "ह्ये नगं," ते पुटपुटले. "त्ये दुसरं."

"दुसरं कंचं?"

"त्ये... शेजारचं."

बाईला काही कळेना. काकूंनी पदर तोंडाला लावला. मी मागं पाहिलं. मामा ट्रॅक्टर थांबवून बसला होता, त्याला सगळं ऐकू येत होतं. दाजींनी स्वतःच्या तोंडानं डिझेल मागितलेलं ऐकायला तो कित्येक वर्षं थांबला होता. आणि आता तो खाली उतरला, आमच्याकडं पाठ केली आणि स्वतःच्या धडधाकट टायरमध्ये हवा आहे का ते अंगठ्यानं दाबून बघायला लागला.

मालकांनी आरशात ती पाठ पाहिली. मग त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या पंपाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"डिझेल, बाई! डिझेल टाका. टाकी फुल करा."

मामानं वळून पाहिलं नाही. तो टायर दाबतच राहिला.